धन्याची श्रद्धा आणि चाकराचें घर

नोकरी देणारा मनुष्य किंवा संस्था आपल्या नोकराकडून नेमकें काय विकत घेते? त्याच्या दिवसाचे ठराविक तास, त्या तासांतील त्याचें कौशल्य आणि कामापुरती त्याची आज्ञाधारकता, एवढें उत्तर कोणीही देईल. परंतु धन्याची धर्मश्रद्धा बळकट असली, आणि चाकराच्या घरांतील एखादा व्यवहार त्या श्रद्धेस पातक वाटत असला, तर त्या व्यवहारास आडवळणानेंही आपला पैसा लागूं नये असें म्हणण्याचा अधिकार धन्यास पोंचतो काय? अमेरिकेंत या प्रश्नावर दहा वर्षें न्यायालयें गाजलीं. नोकरदारांच्या आरोग्यविम्यांत गर्भनिरोधक साधनांचा खर्च घातलाच पाहिजे असा नियम तेथें झाला, आणि कित्येक धार्मिक वृत्तीच्या मालकांनीं तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीवरील आघात मानला. हा वाद दूरदेशचा म्हणून आपणांस बाजूस सारतां आला असता. पण त्याचा गाभा आपल्या मुंबईंत १९२५ सालींच एकदां उघडा पडला होता, आणि त्या वेळीं आपल्या समाजानें त्याचा नीट निवाडा केला नाहीं.

प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचें, डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं काढलेल्या शाळेपासून त्याची परंपरा चालत आलेली. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, आणि जें मत आपणांस सत्य वाटतें तें चारचौघांत बोलण्यास त्यांनीं कधींच संकोच केला नाहीं. कॉलेजच्या चालकांपुढें अडचण उभी राहिली. त्यांनीं कर्व्यांस हें कार्य सोडण्यास सांगितलें. कर्व्यांनीं कार्य न सोडतां १९२५ सालीं नोकरी सोडली. पुढें जुलै १९२७ पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, त्यापायीं खटले सोसले, १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, आणि तरीही निकाल विरुद्ध गेला. १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत मासिक चालू होतें. संसार मात्र ओढगस्तीचाच राहिला.

कर्वे यांचा गौरव आज सर्वत्र होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु गौरव करणें सोपें व निवाडा करणें कठीण. कर्व्यांचें मत पुढें जगानें मान्य केलें म्हणून त्यांस नोकरींतून जावें लागलें हा अन्याय, असें म्हणणें हा युक्तिवाद नव्हे. मत चुकीचें ठरलें असतें तर अन्याय झाला नसता काय? प्रश्न मताच्या खरेखोटेपणाचा नाहीं. धन्याच्या अधिकाराच्या मर्यादेचा आहे. म्हणून प्रथम कॉलेजची बाजू जितक्या प्रामाणिकपणें मांडतां येईल तितकी मांडली पाहिजे.

ती बाजू अशी. धर्मकार्यासाठीं लोकांनीं दिलेल्या पैशावर एक संस्था उभी आहे. तिच्या दृष्टीनें विवाह हा पवित्र संस्कार असून त्यांतील संतानाचा हेतु बुद्धिपुरस्सर टाळणें हें पाप आहे. अशा संस्थेच्या नांवाशीं ज्याचें नांव जोडलें गेलें आहे तो प्राध्यापक संध्याकाळीं त्याच पापाचा पुरस्कार करतो. संस्थेनें गप्प बसावें काय? आणि ही भूमिका केवळ ख्रिस्ती मिशनऱ्यांची होती असेंही कोणी समजूं नये. डिसेंबर १९३५ मध्यें मार्गारेट सँगर बाई वर्ध्यास येऊन महात्मा गांधींस भेटल्या, तेव्हां संततीला मर्यादा असावी एवढ्यापुरतें दोघांचें एकमत झालें. पण साधनांच्या प्रश्नावर गांधीजी हलले नाहींत. त्यांस आत्मसंयमाखेरीज दुसरा मार्ग नीतीचा वाटत नव्हता. गांधीजींच्या मताचा एखादा आश्रम, आणि त्यांत पगारावर काम करणारी एखादी परिचारिका, अशी कल्पना केली तर अडचण तीच उभी राहते. श्रद्धा खरी असते. तिची थट्टा करून प्रश्न सुटत नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. २०१० च्या आरोग्यविम्याच्या कायद्यान्वयें स्त्रियांच्या प्रतिबंधक उपचारांत गर्भनिरोधनाचा समावेश झाला. देवळें वगळलीं गेलीं. धर्मादाय संस्थांना अशी सवड मिळाली कीं, त्यांनीं आपला आक्षेप लेखी कळवावा, म्हणजे विमा कंपनी तो लाभ परस्पर देईल. परंतु 'हॉबी लॉबी' नांवाच्या, हस्तकलेचें साहित्य विकणाऱ्या दुकानांच्या मोठ्या कंपनीनें दावा लावला. तिचे मालक श्रद्धाळु ख्रिस्ती. नोकर तेरा हजारांवर. वीस प्रकारच्या साधनांपैकीं चार साधनें गर्भ राहिल्यानंतर त्याचा घात करतात अशी मालकांची समजूत होती, आणि तेवढ्यांस त्यांचा विरोध होता. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल मालकांच्या बाजूनें दिला. त्यानंतर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या वृद्धांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या संस्थेनें तर आक्षेपाचा कागद भरून देण्यासही नकार दिला. त्या कागदानेंच पुढील गोष्ट घडते, म्हणून कागद भरणें हेंही पापांत सहभागी होणें, असें त्यांचें म्हणणें. सरकार बदललें, सवलत विस्तृत झाली, आणि जुलै २०२० मध्यें न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं ती उचलून धरली. अशा मालकांकडे नोकरी करणाऱ्या स्त्रियांना विम्यांतून तो लाभ मिळेलच अशी हमी मात्र राहिली नाहीं.

या सर्व वादाच्या मुळाशीं एक जुना नैतिक प्रश्न आहे : दुसऱ्याच्या कृत्यांतील माझा वांटा किती? येथें तीन पायऱ्या स्पष्ट पाहिल्या पाहिजेत. पहिली, स्वतः कृत्य करणें. दुसरी, तें करणाऱ्यास हाताशीं राहून साहाय्य करणें. तिसरी, जो पैसा, पाणी किंवा वाट सर्वांच्याच उपयोगाची आहे ती त्याच्याही उपयोगास येऊं देणें. पहिल्या पायरीवर सदसद्विवेकबुद्धीचा अधिकार जवळजवळ निरपवाद मानावा. ज्या डॉक्टरास एखादी शस्त्रक्रिया पाप वाटते त्याच्या हातांत शस्त्र बळेंच देणें हें रानटीपणाचें होईल. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपातविषयक कायद्यानें असा नकार देण्याची मुभा ठेवलेली आहे. परंतु ग्लासगोच्या दोन कॅथॉलिक सुइणींनीं, आपल्या हाताखालच्या परिचारिकांचीं कामें वांटून देणें व त्यांवर देखरेख करणें हेंही टाळण्याचा हक्क मागितला, तेव्हां तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तो नाकारला. नकाराचा हक्क प्रत्यक्ष कृत्यापुरता. कारभाराच्या प्रत्येक कडीपर्यंत तो ताणतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. अमेरिकेच्या न्यायालयानेंही एके काळीं याच दिशेनें विचार केला होता. १९८२ सालीं आमिश पंथाच्या एका मालकानें, सामाजिक विम्याचा कर देणें आपल्या धर्मास मान्य नाहीं म्हणून सूट मागितली, ती न्यायालयानें एकमतानें फेटाळली. व्यापारांत स्वेच्छेनें उतरलेल्या मालकानें आपल्या श्रद्धेचे निर्बंध नोकरांवर लादूं नयेत, हें तत्त्व तेव्हां मान्य झालें होतें.

विम्याची वर्गणी या तिसऱ्या पायरीवर मोडते, असें माझें मत आहे. आमच्या पवनानगरच्या धरणांत लोहगड, तुंग, तिकोना यांच्या अंगाखांद्यांवरून किती ओढे येऊन मिळतात याची गणती नाहीं. एकदां पाणी धरणांत आलें कीं तें पुढें शेतास जातें, कारखान्यास जातें, पिंपरी-चिंचवडच्या नळांसही जातें. आपल्या रानांतून वाहत आलेलें पाणी अमक्याच्या घागरींत पडूं नये, असें एखाद्या शेतकऱ्यानें म्हटलें तर त्याचा हेतु कितीही शुद्ध असला तरी मागणीला अर्थ राहत नाहीं. कारण 'त्याचें' पाणी म्हणून वेगळें कांहीं आतां उरलेलेंच नाहीं. विमा म्हणजे असाच एक तलाव. त्यांत एकाची वर्गणी दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडास लागते, तिसऱ्याच्या मधुमेहास लागते, आणि चौथीच्या गोळ्यांस लागते.

शिवाय ही वर्गणी मुळांत कोणाची? मालक भरतो म्हणून ती मालकाची, हा भास आहे. नोकरानें केलेल्या कामाचा मोबदला कांहीं रोखीनें मिळतो, कांहीं भविष्यनिर्वाहनिधींत जातो, कांहीं विम्याच्या रूपानें येतो. रूप बदललें म्हणून मालकी बदलत नाहीं. अमेरिकेंत विमा नोकरीस चिकटला तोही कांहीं धर्मविचारानें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें पगारवाढीवर नियंत्रण घातलें, तेव्हां कामगारांस आकर्षून घेण्यासाठीं कारखानदारांनीं पगाराऐवजीं विमा देऊं केला. पगाराच्या ठिकाणीं आलेली वस्तु पगारच होय. आणि पगार हें दान नव्हे. दानाविषयींही आपली परंपरा काय सांगते तें पाहण्यासाठीं येथून फार दूर जावयास नको. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत धेनुकाकटाच्या यवनांचींही आहेत. त्यांनीं खांब दिले, आणि खांब संघाचे झाले. पुढें त्या छायेंत कोण बसला, याचा हिशेब मागण्याचा हक्क त्या शिलालेखांतून कोणीं राखून ठेवलेला दिसत नाहीं. स्वखुषीनें दिलेल्या दानावरचा हक्कही जर असा सुटतो, तर घाम गाळून मिळविलेल्या वेतनावर देणाराचा हक्क कसा उरावा?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुबळा नाहीं. आक्षेपक म्हणतो : रोख पगार देणें वेगळें आणि ठराविक वस्तु देणें वेगळें. जैन मालकानें दिलेल्या रुपयांचें नोकरानें मांस घेतलें तर मालकास दोष लागत नाहीं. पण 'मांसाहारासाठीं' म्हणून छापलेलें कूपन त्यानें स्वतःच्या हातानें वाटावें असा कायदा केला, तर त्याच्या मनास काय वाटेल? हा भेद मी मान्य करतों. वस्तूचें नांव घेऊन ती देवविणें यांत मनाला बोंचणारें कांहीं आहे खरें. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. एक तर विमा कंपनी मालकास कोणत्याही एका वस्तूचें कूपन वाटावयास लावीत नाहीं. ती उपचारांची एक सबंध यादी देते, आणि तींतून काय घ्यावें हें नोकर व डॉक्टर मिळून ठरवितात. ज्या बाईस साधन नको आहे तिच्यावर तें कोणी लादीत नाहीं. मालकाचा पैसा आणि तें कृत्य यांच्यामध्यें दुसऱ्या एका माणसाची स्वतंत्र इच्छा उभी असते. नीतिशास्त्रांत याहून मोठी भिंत नाहीं. दुसरें असें कीं, मांसाच्या अभावीं कोणाची प्रकृति ढांसळत नाहीं, पण वारंवारच्या बाळंतपणांनीं स्त्रीचें रक्त आटतें, अंगांत त्राण उरत नाहीं, आणि कित्येकींचा जीवही जातो. ज्याचा भार दुसऱ्याच्या देहावर पडतो, तें व्रत आपलें नव्हे. तो दुसऱ्यावर टाकलेला दंड आहे.

तरीही जोगिणींच्या मनास कागदावरची सही टोंचते, तर ती सही त्यांजकडून घेण्याचा हट्ट सरकारनें तरी कां धरावा? सरकारनें साधनें स्वतः पुरवावीं. श्रद्धेचा मान राखण्याची जी किंमत आहे ती सर्वांनीं मिळून द्यावी. ती एकट्या नोकरदार स्त्रीच्या पदरीं बांधूं नये. मला वाटतें, या सबंध वादाची किल्ली येथेंच आहे. सवलत द्यावी कीं न द्यावी एवढेंच विचारून भागत नाहीं. सवलतीचा भार कोण सोसणार, हेंही विचारावें लागतें.

आपल्याकडे हा भार कसा वांटला आहे तें पाहणें बोधप्रद होईल, कारण आपण नकळत या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर देऊन बसलों आहोंत. १९४८ च्या कायद्यानें कामगार राज्य विमा योजना उभी राहिली. मालक व कामगार दोघांची वर्गणी एका महामंडळाकडे जाते. जुलै २०१९ पासून मालकाचा वांटा वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का असा ठरला. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या विमाधारक पुरुषास सात दिवस व स्त्रीस चौदा दिवस पूर्ण वेतनाइतका लाभ देण्याची तरतूद या योजनेंत केलेली आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यांतही १९९५ च्या दुरुस्तीनें अशा शस्त्रक्रियेनंतर स्त्रीस दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंही ती तरतूद उचलली. अनेक राज्यांत खासगी शाळा व रुग्णालयें यांनाही विमा योजना लागू झाली. यांपैकीं कोठेंही, 'आपला धर्म कोणता व त्यास हें रुचतें काय?' असा प्रश्न मालकास विचारलेला नाहीं. कॅथॉलिक पंथानें १९३० सालीं व पुन्हां १९६८ सालीं कृत्रिम संततिनियमनाचा निषेध केलेला आहे; तरीही त्या पंथाच्या संस्था आपल्या देशांत शेंकडों रुग्णालयें चालवितात, आणि वर्गणी महामंडळाच्या तलावांत गेली म्हणून कोणाचा धर्म बुडालेला नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें धर्मस्वातंत्र्य देतांनाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या अधीन तें ठेवलें आहे. 'आरोग्य' हा शब्द तेथें उगाच पडलेला नाहीं.

येथवर वाचून आपण अमेरिकेपेक्षां शहाणे ठरलों अशी कोणाची समजूत होईल, तर ती फार काळ टिकणार नाहीं. एक तर या योजनेच्या कक्षेबाहेर असलेल्या मध्यमवर्गीय नोकरदारांचा जो खासगी आरोग्यविमा असतो, त्याच्या ठरीव अटींत गर्भनिरोधनाचा खर्च वगळलेला आढळतो. आणि तो कोणाच्या श्रद्धेमुळें नव्हे, केवळ हिशेबामुळें. त्याबद्दल कोणी न्यायालयांत गेल्याचें ऐकिवांत येत नाहीं. पण याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. नोकराच्या शय्यागृहांत शिरण्याचा मोह धर्मनिष्ठ धन्यासच होतो असें नाहीं. संततिनियमनावर श्रद्धा असलेल्या धन्यासही तो तितकाच होतो. आणि तो धनी आपलेंच सरकार असूं शकतें.

१९७६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायद्याच्या पुस्तकांत आलें नाहीं, हें आपलें नशीब. त्याच काळांत उत्तरेंतील कांहीं राज्यांत शिक्षकांचे पगार नसबंदीसाठीं माणसें आणून देण्याच्या आंकड्यांशीं बांधले गेले. गणिताच्या एका प्राध्यापकास संततिनियमनाचा प्रचार करतो म्हणून नोकरी सोडावी लागली, आणि पन्नास वर्षांनीं गणिताच्या दुसऱ्या शिक्षकाचा पगार तो प्रचार पुरेसा करीत नाहीं म्हणून अडला! मधल्या काळांत मत उलटें झालें. धन्याची वृत्ति मात्र पालटली नाहीं. आणीबाणी गेली तरी ती वृत्ति गेली नाहीं. २००५ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचें प्रतिज्ञापन) नियमांन्वयें ठरलेल्या तारखेनंतर दोहोंहून अधिक हयात मुलें झालेला उमेदवार राज्याच्या सेवेस अपात्र ठरतो. आपल्या सुशिक्षित घरांतून या नियमाचें समर्थन मीं अनेकदां ऐकलें आहे. समर्थकांस मी एवढेंच विचारीन : लिपिकाच्या तिसऱ्या मुलाचा त्याच्या जावक-बारनिशीशीं काय संबंध? जर कांहीं संबंध नसेल, तर विल्सन कॉलेजच्या चालकांनीं केलें तें आणि आपलें सरकार करतें तें यांत तत्त्वाचा भेद कोणता? दोघेही भाकरी हातांत धरून शीलाची परीक्षा घेतात. अमेरिकन मालकाचा निषेध करणाऱ्यानें या नियमाचाही निषेध केला पाहिजे. नाहींतर त्याचा विरोध अधिकाराच्या अतिक्रमणास नसून केवळ न आवडणाऱ्या मतास आहे, असें म्हणावें लागेल.

मग धर्मसंस्थेस आपल्या नोकरांकडून कांहींच अपेक्षा करतां येऊं नये काय? येऊं शकते, पण कामाच्या स्वरूपानें तिची मर्यादा ठरली पाहिजे. ज्याचें कामच धर्मोपदेशाचें आहे, त्यानें व्यासपीठावर एक व घरीं दुसरें करूं नये असें म्हणतां येईल; तेथें आचरण हा कामाचाच भाग आहे. मंदिराचा पुजारी, चर्चचा पाद्री, मदरशांतील धर्मशिक्षक हे या वर्गांत येतात. परंतु रुग्णालयांतील परिचारिका, दुकानांतील विक्रेती, कॉलेजांतील गणिताचा प्राध्यापक यांचें काम श्रद्धेवर चालत नाहीं. द्विपद सिद्धांत ख्रिस्तासही तोच व नास्तिकासही तोच. मान्य आहे, कर्व्यांचें प्रकरण परिचारिकेच्याहून अवघड आहे. ती आपल्या घरापुरतें पाहते, कर्वे जाहीरपणें बोलत होते, आणि संस्थेस आपलें मत लोकांनीं विपरीत समजूं नये अशी काळजी वाटणें स्वाभाविक होतें. पण त्या काळजीवर उपाय होता. 'प्राध्यापकांचें हें मत त्यांचें स्वतःचें असून संस्थेस तें मान्य नाहीं,' एवढें जाहीर केल्यानें संस्थेची श्रद्धा निष्कलंक राहिली असती. जेथें एका वाक्यानें काम भागतें तेथें माणसाची उपजीविका ओढून घेणें हें श्रद्धेचें रक्षण नव्हे.

याला एक इतिहासाची पुस्ती जोडतों. १९२० सालीं लँबेथ येथें जमलेल्या अँग्लिकन धर्माध्यक्षांच्या परिषदेनें गर्भनिरोधाचा कडक निषेध केला होता. १९३० सालीं त्याच परिषदेनें मर्यादित स्वरूपांत त्यास मुभा दिली. विल्सन कॉलेजचा पंथ वेगळा. पण प्रॉटेस्टंट जगाचा विचार कोणीकडे वळत होता हें यावरून दिसतें. कर्वे १९२५ सालीं, म्हणजे या दोन ठरावांच्या बरोबर मध्यें, नोकरींतून गेले. धर्मसंस्थेस आपलें मत बदलण्यास दहा वर्षें पुरतात, आणि मत बदलल्यावर तिचें कांहीं नुकसान होत नाहीं. पण त्या दहा वर्षांत ज्याची नोकरी गेली त्याची ती परत येत नाहीं. श्रद्धा ही आपणांस अचल वाटली तरी तिचा अर्थ कालानुरूप हलत असतो. म्हणून आपल्या श्रद्धेपायीं दुसऱ्याचें जें नुकसान भरून येणार नाहीं, तें करण्यापूर्वीं श्रद्धावंतानें थोडें थांबावें. ही मागणी श्रद्धेच्या विरुद्ध नाहीं. नम्रता हा सर्व धर्मांनीं सांगितलेलाच गुण आहे.

अखेर एका भेदाकडे वाचकांचें लक्ष वेधून हा लेख पुरा करतों. कर्व्यांपुढें जेव्हां कार्य कीं नोकरी असा प्रश्न आला, तेव्हां त्यांजपाशीं पॅरिसपर्यंत जाऊन घेतलेली विद्या होती, महर्षि पित्याचें नांव होतें, आणि लेखणी होती. त्यांनीं दारिद्र्य पत्करलें, पण तें स्वतः निवडून पत्करलें. मावळच्या खेड्यांतून पहांटेच्या गाडीनें तळेगांवकडे कारखान्यांत जाणाऱ्या बाईपाशीं यांतलें कांहींच नसतें. तिला राजीनामा देतां येत नाहीं, मासिक काढतां येत नाहीं, खटला लढवितां येत नाहीं. दोन मुलांवर थांबावें कीं तिसरें होऊं द्यावें हा तिच्या घरांतला प्रश्न. त्यांत तिच्या नवऱ्याचें मत असेल, सासूचें असेल, आणि तिच्या देवाचेंही असेल. तेथें आधींच गर्दी पुष्कळ आहे. ज्याच्याशीं तिचा संबंध केवळ आठ तासांच्या श्रमांचा व महिनाअखेरच्या वेतनाचा आहे, त्या धन्यानें तरी, तो धर्मनिष्ठ असो, सुधारक असो कीं सरकार असो, त्या गर्दींत आणखी एक भर घालूं नये.